दार लावा, सूर पळतोय!

रविवारी दुपारी अप्पांच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसायची. सतरंज्यांवर माणसं, सतरंज्या संपल्या तिथे फरशीवर माणसं. जिन्याखाली चपलांचा असा ढीग पडायचा, की घरी जाताना दोन्ही पायांत स्वतःचीच चप्पल आली तर तोच पहिला चमत्कार म्हणायचा. दार बंद, खिडक्या बंद, छताचा पंखासुद्धा बंद. त्या कोंदट हवेत बँकेतले साहेब बसायचे, वकील बसायचे, कॉलेजात शिकवणारी मंडळी बसायची, आणि सगळ्यांचे डोळे समोरच्या भिंतीकडे.

भिंतीला लागून कपाटाएवढं एक लाकडी खोकं होतं. पुढून नुसती बटणं आणि भोकं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या, लोंबणाऱ्या रंगीबेरंगी वायरी. हा अप्पांचा सिंथेसायझर. जुन्या पद्धतीचा, विजेवर सूर काढणारा. अप्पा जाऊन वर्ष झालं होतं.

"शांत बसा," नादमहाराज डोळे मिटून म्हणायचे, "अप्पा येतायत."

आणि यायचे की हो! यंत्र सुरू केलं की खर्जातला एक सूर निघायचा. सुरुवातीला घाबराघुबरा, थरथरता, घुंघुंघुंघुं. मग खोली तापत जाईल तसा तो निवत जायचा. घूं... घूं... अगदी गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. पुढच्या रांगेतली शिंपीणकाकू रुमाल काढायची. बँकेतले साहेब चष्मा पुसत बसायचे.

"देह जातो, फ्रिक्वेन्सी जात नाही," महाराज सांगायचे. "विश्व म्हणजे कंपन. अप्पा म्हणजे कंपन. तुम्ही, मी, हा खांब, सगळं कंपन! परदेशातल्या शास्त्रज्ञांनी हे आत्ता आत्ता मान्य केलंय." कुठल्या परदेशातल्या कुठल्या शास्त्रज्ञांनी, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

महाराज यंत्राच्या बाजूला उभे राहून झालर लावलेल्या हातपंख्याने त्याला वारा घालायचे. ही म्हणे सेवा. लोक प्रश्न विचारायचे. श्वास संथ राहिला तर अप्पांचा होकार, धाप लागली तर नकार. मुलीचं लग्न, दुकानाची जागा, नोकरीतली बदली, सगळ्यावर अप्पांचं मत घेतलं जायचं. हयातीत अप्पांना घरात भाजी कोणती आणू, हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं.

मागे दाराशी पाठ टेकून अप्पांची सून उभी असायची. शाळेत भूगोल शिकवायची, पण घरात तिचं नाव फौजदार. गॅस बंद केलाय का बघायला ती अर्ध्या वाटेतून परत यायची, आणि नवरा "मी केलाय बंद" म्हणाला तर दुप्पट वेगाने परत यायची. महाराजांना पहिल्यांदा बघितलं तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. महाराज होण्याआधी हे गृहस्थ वाद्यं भाड्याने देणाऱ्या दुकानात होते. अप्पांचं यंत्र गाडीत घालून स्टुडिओत न्यायचं आणि परत आणायचं, हे त्यांचं काम. अप्पा गेल्यावर ते यंत्र विकत मागायला आले. सासूबाई "नाही" म्हणाल्या. "निदान चालू करून बघू का?" त्यांनी विचारलं. चालू केलं, तो सूर घुमला, सासूबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि पुढच्या रविवारी हे भगव्या कुडत्यात हजर!

तरी फौजदार गप्प राहिली असती. बाईला नवऱ्याची आठवण येते, तिला त्या घूं-घूंमध्ये बरं वाटतं, तर वाटू दे. पण मागच्या महिन्यात सासूबाईंनी भर सभेत विचारलं, "अहो, डॉक्टर डोळ्याचं ऑपरेशन म्हणतायत. करू का?"

यंत्राला धाप लागली. अशी लागली, की शिंपीणकाकू "नको गं बाई, नको!" म्हणत उठून उभी राहिली.

त्या दिवसापासून सासूबाईंनी डोळ्यांत थेंब घालणंही सोडलं. काचबिंदू होता. डॉक्टरांनी फौजदाराला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, "यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवता येते, तीसुद्धा आत्ताच." ऑपरेशन गुरुवारवर येऊन ठेपलं होतं.

"ते नको म्हणाले, म्हणजे नको," सासूबाईंचा एकच हेका.

"अहो आई, अप्पांना डोळ्यांतलं काय कळतंय?"

"तुला सगळ्यात खोटच दिसते."

"आणि तुम्हाला थोड्या दिवसांनी काहीच दिसणार नाही!" फौजदार बोलून गेली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःवरच चरफडत बसली.

ऑपरेशननंतर सासूबाईंना मुलाकडे येऊन राहावं लागणार होतं. म्हणजे या घराला कुलूप. म्हणजे रविवारची सभा बंद. हे महाराजांच्या लक्षात आलं नसेल, असं निदान फौजदाराला तरी वाटत नव्हतं.

आता अप्पांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. तरुणपणी अप्पा पेटी वाजवायचे. मग कुठल्याशा मासिकात त्यांनी या यंत्राचा फोटो बघितला आणि वेडच लागलं. तेव्हा ही यंत्रं नवीन होती. त्यात ना तार, ना भाता, ना कातडं. वीज आत सोडायची, वायरी जोडून तिला वळणं द्यायची, की कुणी कधी न ऐकलेला आवाज बाहेर. लोक हसले. गवई म्हणाले, हे संगीत नव्हे, हा गिरणीचा भोंगा. पण सिनेमावाल्यांना अप्पा सापडले. वादळ, अंतराळयान, पडक्या हवेलीतला हुंदका, सगळं अप्पा याच खोलीत बसून बनवायचे आणि मग स्टुडिओत जाऊन वाजवायचे. एके काळी पडद्यावर जेवढी भुतं रडली, त्यांतली बरीचशी या खोक्यातून रडली होती, आणि प्रत्येकाच्या गळ्याची वायर अप्पांना पाठ होती. "यात भूत नाही, वीज आहे," असं ते बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. वायर उपटली की आवाज गेला, पुन्हा तसाच मिळेल याची खात्री नाही. पुढे बटण दाबलं की शंभर आवाज देणारी, सगळं लक्षात ठेवणारी यंत्रं आली, आणि अप्पांना बोलावणं यायचं थांबलं. तरी ते रोज खोलीत बसायचे. शेवटी जोडलेल्या वायरी तशाच होत्या. सासूबाई त्यांवरची धूळसुद्धा झटकू द्यायच्या नाहीत, आणि फौजदारालाही ते पटायचं. अप्पांच्या हातचा शेवटचा आवाज होता तो.

शनिवारी सासूबाई शिंपीणकाकूंकडे गेल्या तशी फौजदार नवऱ्याला घेऊन खोलीत शिरली. नवरा मऊ स्वभावाचा. तो खुर्चीत बसला.

"आज छडा लावणार," ती म्हणाली.

तिचा पहिला संशय पायावर होता. टेबलाखाली पायाने दाबायचं बटण असणार. ती खाली वाकली, डोक्याला जळमटं लावून वर आली. काही नाही. मग छुपा स्पीकर. तिने यंत्राची पाठ ठोकली, भिंत ठोकली, भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनीही ठोकली. मग रिमोट. मग बँकेतले साहेबच सामील असणार, असा तिचा सिद्धान्त झाला. "तो माणूस प्रश्न विचारला की खोकतो. खुणेचा खोकला!"

"अगं," नवरा म्हणाला. "त्याला दमा आहे."

तिने यंत्र चालू केलं. घुंघुंघुंघुं. दोघं बसून राहिले. दुपारचं ऊन खिडकीच्या काचेवर होतं, खोली भट्टीसारखी तापली. हळूहळू सूर निवला. घूं... घूं... महाराज नाहीत, भक्त नाहीत, तरी अप्पा आपले श्वास घेतायत. फौजदाराच्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगायचं? आपणच चुकतोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं.

उकाड्याने जीव जात होता. महाराजांचा झालरीचा पंखा यंत्रावरच पडला होता. तो उचलून ती यंत्राच्या बाजूला उभी राहिली आणि स्वतःला जोरजोरात वारा घालू लागली.

घूं-घूं-घूंघूंघूंघूं.

आणि खुर्चीत बसलेला, डोळे मिटलेला नवरा, तंद्रीतच, लहान मुलासारखा ओरडला, "दार लाव गं, सूर पळतोय!"



"काय म्हणालास?"

"काही नाही. सवय. अप्पा ओरडायचे ना." तो सरळ बसला. "लहानपणी या खोलीत कुणी दार उघडं टाकलं की अप्पा खेकसायचे. दार लावा, सूर पळतोय. आम्हाला वाटायचं, त्यांना आवाजाचा त्रास होतो. अजून या घरात कुणी दार उघडं ठेवत नाही बघ."

खरंच होतं. फौजदार लग्न होऊन आली तेव्हापासून तीसुद्धा आत आली की न विचारता दार लावत होती. का, ते तिने, प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या बाईने, एकदाही विचारलं नव्हतं.

तिने पंखा थांबवला. सूर हळूहळू निवला. पुन्हा वारा घातला. धाप. यंत्राच्या कुशीला जाळी होती, आतली उष्णता बाहेर पडायला. वारा सरळ तिच्यातून आत जात होता.

"थोरला आणि धाकटा," नवरा एकदम म्हणाला. "अगं, आत सूर काढणारे दोन भाग आहेत. अप्पा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचे. दोघं जवळजवळ एकच सूर काढतात, पण अगदी एक नाही. जेवढा फरक, तेवढी घूंघूं. फरक वाढला की घाई, कमी झाला की संथ. गार झाले की बिनसतं, तापले की जमतं. कार्यक्रमाआधी अप्पा यंत्र कितीतरी वेळ तापवत ठेवायचे. धाकटा जाळीपाशी बसलाय, त्याला वारा लागला की तो रुसतो."

"म्हणजे श्वास नाही."

"दोघा भावांचं भांडण आहे."

"आणि हे महाराजांना, त्या गाडीवाल्याला, माहीत होतं?"

"न माहीत असून कसं चालेल? स्टुडिओत टेबलफॅन लावला म्हणून अप्पांनी सगळ्यांत जास्त शिव्या त्यालाच घातल्यात!"

फौजदार मटकन खाली बसली. टेबलाखाली, भिंतीत, साहेबांच्या खोकल्यात ती चोर शोधत होती, आणि चोर झालर लावून सगळ्यांसमोर हलत होता.

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. "ऐक. उद्या कुणाला काही सांगू नकोस. फक्त पंखा तू घे. आई विचारेल, ऑपरेशन करू का. तू वारा घालू नकोस. अप्पा हो म्हणतील. विषय संपला."

काय सोपं होतं! ना भांडण, ना सासूबाईंचं मन मोडणं. गुरुवारी सरळ दवाखाना. फौजदार रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

रविवारी खोली भरली. महाराजांनी कंपनाचं पुराण लावलं. सूर निवत आला, तशी फौजदार पुढे आली.

"महाराज, आज सेवा मला करू द्या."

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "ताई, त्याला साधना लागते. अनधिकारी हाताने वारा घातला तर आत्मा दुखावतो."

"सून आहे ती त्यांची," सासूबाई कडक आवाजात म्हणाल्या. "तिच्या हातचं जेवलेत ते. द्या पंखा."

घर सासूबाईंचं, यंत्र सासूबाईंचं. महाराजांनी पंखा दिला, पण बोटं सोडवून घ्यावी लागली.

"अहो," सासूबाई यंत्राकडे तोंड करून म्हणाल्या.  "पोरं ऐकत नाहीत. पुन्हा एकदा विचारते. ऑपरेशन करू का?"

फौजदाराने पंखा छातीशी धरला. घूं... घूं... घूं... सूर इतका संथ झाला, की खोलीत कुणी हलेना.

"हो म्हणाले," सासूबाई कुजबुजल्या. "बाई गं, हो म्हणाले!" त्यांनी डोळे पुसले आणि सुनेचा हात धरला. मागे नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. आता फौजदाराने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

ठेवलं असतं तर पुढच्या वेळी काय? आज डोळा, उद्या हृदय, परवा नातवाचा ताप, आणि प्रत्येक वेळी पंखा ज्याच्या हातात तो खरा. मग तिच्यात आणि महाराजांत फरक तो कुडत्याच्या रंगाचा.

"आई," ती म्हणाली, "हे हो अप्पांचं नव्हतं. माझं होतं."

आणि तिने जाळीवर वारा घातला. धाप लागली. थांबली. जरा वेळाने निवली. पुन्हा वारा घातला. पुन्हा धाप.

एकच गोंधळ उडाला. "बंद करा हो!" "बाईला लाज नाही!" शिंपीणकाकू हुंदके द्यायला लागली. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "शांत! बघितलंत? आत्मा सुनेच्या मनाप्रमाणे बोलतो, कारण ती रक्ताची..."

"सून रक्ताची नसते, महाराज," मागून नवरा म्हणाला. घाबरत म्हणाला, पण म्हणाला.

सासूबाईंनी सुनेचा हात सोडला होता.  मग त्यांनी तिच्या हातातून पंखा घेतला आणि महाराजांपुढे धरला.

"तुम्हीच घाला वारा. तुमच्या हातात साधना आहे ना? मी त्यांना एकच विचारते. आमच्या दोघांतलं आहे."

महाराजांचा चेहरा उजळला. ते जाळीपाशी उभे राहिले.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "लग्न ठरल्यावर तुम्ही मला पहिलं पत्र पाठवलंत. लांबलचक. मी अजून जपून ठेवलंय. आठवतंय ना?"

महाराजांनी भाविक चेहरा करून पंखा हळूच खाली घेतला. घूं... घूं... घूं... संथ, गोड होकार. शिंपीणकाकूने रुमाल काढला.

"त्यांनी मला जन्मात पत्र लिहिलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचं अक्षर त्यांनाच लागायचं नाही. टेप पाठवली होती. तिच्यात एक शब्द नव्हता. या यंत्राचा आवाज होता, सकाळी पक्षी बोलतात तसा. माझे वडील म्हणाले, मुलगा वेडा आहे."



"म... माई, आत्म्याला कधीकधी स्मृतिभ्रंश..."

"आणि दुसरं सांगते," सासूबाई उठल्या. "इतकी वर्षं संसार केला. माझ्या एका शब्दाला हा माणूस झटकन हो म्हणाला नाही. चहा घेता का विचारलं तरी आधी विचार करायचे. आणि आता वर्षभर नुसतं हो-नाही, हो-नाही चाललंय! मला तेव्हाच कळायला हवं होतं."

बँकेतले साहेब आधी हसले, मग खोकले, आणि मग सगळी खोली हसायला लागली. सासूबाईही हसत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी जाऊन दार सताड उघडलं. खिडक्या उघडल्या. बाहेरचा वारा आत आला आणि यंत्र वेड्यासारखं घुंघुंघुंघुं करायला लागलं. सगळ्यांना ते ऐकवून त्यांनी दार-खिडक्या पुन्हा लावल्या, सूर निवू दिला. "या," त्या म्हणाल्या, "ज्याला अप्पांना काही विचारायचंय त्याने स्वतःच्या हाताने पंखा घ्यावा आणि हवं ते उत्तर घेऊन जावं." वकीलसाहेबांनी घेतला. शिंपीणकाकूने घेतला. काकूने तर आधी हो काढलं, मग नाही काढलं, आणि मग पंखा खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे मुलीच्या स्थळाला मी उगाच नकार कळवला?" 

या धांदलीत महाराज सटकले. चपलांच्या ढिगातून त्यांनी घाईत कुणाच्या तरी घातल्या होत्या, त्याही वेगवेगळ्या.

गुरुवारी ऑपरेशन झालं. उरलेली नजर वाचली. पण मधल्या काळात थेंब बंद होते. डाव्या बाजूचा बराच भाग कायमचा गेला. पेला डावीकडे ठेवला तर सासूबाईंना मान वळवावी लागते, आणि दर वेळी ते बघताना फौजदाराला महाराजांचा पंखा आठवतो आणि संताप येतो. तेवढं त्या पंख्याने नेलं. ते आता कुठलाच वारा परत आणणार नाही.

भोळी माणसं फसतात असं आपण म्हणतो. या खोलीत कुणी भोळं नव्हतं. आपलं माणूस गेलं होतं, किंवा निर्णय घ्यायची भीती वाटत होती, आणि कुणीतरी आपल्या वतीने हो-नाही म्हणणारं हवं होतं, एवढंच. म्हणून सांगायचं ते इतकंच. आठवण येते तर रडा, आवाज ऐका, काय हवं ते करा. पण डोळ्याचं डॉक्टरांना विचारा, स्थळाचं मुलीला विचारा, आणि कुणी चमत्कार दाखवू लागला तर पंखा आपल्या हातात मागा. खऱ्याला त्याने काही बिघडत नाही. जो देत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवा.

यंत्र अजून तिथेच आहे, वायरी होत्या तशाच. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या, त्या दिवशी त्यांनी ते चालू करायला सांगितलं. फौजदार चपापली. "आई, पुन्हा?"

"अगं, त्यांनी शेवटी काय जोडून ठेवलं होतं, ते मी धड ऐकलंच नाही. सारखा त्यांचा श्वास ऐकत बसले." त्या खुर्चीत टेकल्या, मान जराशी डावीकडे वळवून. "यंत्राचा आवाज म्हणून ऐकते आता. आणि फौजदार..."

"काय?"

"दार लाव. सूर पळतोय."